गाडीच्या दारात स्पीकर आला कुठून?

पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत ऑपेरा हाऊसच्या बाजूला गाडीच्या ॲक्सेसरीजच्या दुकानात तासभर बसलं, की एक तक्रार हमखास कानावर पडते. "बेस भरपूर आहे हो, पण गाणंच ऐकू येत नाही. दारात जरा मोठ्या आवाजाचे मिड टाका." डिकीत खालचे सूर (बेस) वाजवणारी बेसट्यूब धडधडते, काचेजवळ वरचे सूर वाजवणारा ट्वीटर चुरचुरतो. हायवेला काच खाली केली की गाणाऱ्याचा शब्द तेवढा वाऱ्यावर जातो. शब्द राहतो तो या दोघांच्या मधल्या पट्ट्यात. जुन्या टेलिफोनमधून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज पलीकडे जायचा आणि तेवढ्यावर माणसं संसारातली सगळी भांडणं भांडत होती. मिडरेंज, म्हणजे दुकानातला 'मिड', तो ढोबळमानाने हाच पट्टा.

गाडीतून मोठा आवाज काढायची हौस आजकालच्या पोरांची, असं म्हणायची पद्धत आहे. ती खरी नाही. १९३० च्या जूनमध्ये अमेरिकेत अटलांटिक सिटीला रेडिओ उत्पादकांचं अधिवेशन भरलं होतं. शिकागोच्या पॉल गॅल्विन यांच्याकडे तिथे स्टॉल नव्हता. त्यांनी आपली स्टुडबेकर गाडी दाराबाहेर उभी केली आणि आतला रेडिओ मोठ्याने लावून दिला. येणारे-जाणारे थांबले, ऑर्डरी मिळाल्या. त्या रेडिओला त्यांनी 'मोटोरोला' हे नाव दिलं आणि १९४७ मध्ये कंपनीनेही तेच नाव घेतलं. म्हणजे गाडीतल्या रेडिओचा धंदाच मुळात रस्त्यावरच्या लोकांना ऐकू जाईल अशा आवाजावर उभा राहिला.

त्या काळात अँपमधून, म्हणजे स्पीकरला ताकद देणाऱ्या अँप्लिफायरमधून, मोजके वॉट निघत. बॅटरी सहा व्होल्टची आणि रेडिओतल्या व्हॉल्व्हना हवा विजेचा भरपूर दाब, त्यामुळे व्हायब्रेटर नावाचा गुणगुणणारा डबा लावून तो दाब तयार करावा लागे. एवढ्या खटपटीतून मिळालेला एकेक वॉट जपूनच वापरावा लागणार. स्पीकर मात्र कामाचा होता. जनरल इलेक्ट्रिकमधल्या राईस आणि केलॉग यांनी १९२५ मध्ये मांडलेली रचना आजही बदललेली नाही: चुंबकाच्या फटीत तारेचं वेटोळं आणि त्याला चिकटवलेला कागदाचा कोन. कोन हलका ठेवला, चुंबक तगडा घेतला, की थोड्या वॉटमध्येही स्पीकर खणखणीत वाजतो. खोल बेस मात्र मिळत नाही. तेव्हा तो कुणी मागतही नव्हतं, बातम्या आणि गाणी नीट कळली की झालं.

मग १९५४ मध्ये एडगर व्हिलचर यांनी एआर-१ हा घरगुती स्पीकर आणला. छोट्या बंद पेटीतून एवढा खोल बेस लोकांनी तोवर ऐकला नव्हता. पण तो वाजवायला अँप जोरदार लागायचा. याच वर्तुळातले स्पीकरतज्ज्ञ अँटन हॉफमन यांच्या नावावर एक नियम सांगितला जातो. छोटी पेटी, खोल बेस आणि थोड्या वॉटमध्ये मोठा आवाज, या तिन्हींपैकी कुठल्याही दोनच गोष्टी मिळतात. पुढे ट्रान्झिस्टरने वॉट स्वस्त केले आणि बाजाराने पहिल्या दोन गोष्टी उचलल्या. तिसरीवर पाणी सोडलं. आज दुकानात जी तक्रार ऐकू येते, तिचं मूळ माझ्या मते या निवडीत आहे.

आता दाराकडे वळू. सुरुवातीला गाडीत एकच स्पीकर असायचा, डॅशबोर्डच्या मध्ये किंवा खाली. मोनो रेडिओला, म्हणजे एकाच चॅनेलच्या आवाजाला, तेवढा पुरे. १९६५ च्या शेवटी फोर्डने १९६६ च्या मॉडेलांत आठ ट्रॅकचा स्टिरिओ टेप देऊ केला, आणि स्टिरिओ म्हटलं की डावा-उजवा असे दोन स्पीकर आलेच. डॅशबोर्डवर एवढी जागा कुठे? राहिलं दार. थोडक्यात, दार आवाजासाठी चांगलं म्हणून निवडलं गेलं नाही. ते तेवढं रिकामं होतं.

पण दाराइतकी गैरसोयीची जागा शोधून सापडणार नाही. डोअर पॅड, म्हणजे दाराचं आतलं आवरण, काढून बघा. क्लिपा कटाकट सुटतात आणि आत काळ्या चिकट डिंकाने लावलेला प्लॅस्टिकचा कागद दिसतो. त्यामागे आतला पत्रा, आणि त्याला काच वर-खाली करणाऱ्या यंत्रणेसाठी हात जाईल एवढी मोठमोठी भोकं. त्याच्याही मागे बाहेरचा पत्रा, बोटाने टिचकी मारली तर डब्यासारखा वाजणारा. स्पीकरचा कोन पुढे हवा ढकलतो तेव्हा मागे ती ओढतो. मागची ही उलटी लाट त्या भोकांतून फिरून पुढे येते आणि पुढच्या लाटेला खाऊन टाकते, खालच्या सुरांत तर जास्तच. म्हणून जाणकार ऑडिओवाला स्पीकरआधी भोकं बुजवतो आणि बाहेरच्या पत्र्याला आतून पत्र्याची थरथर दाबणारं ब्युटिल रबराचं डॅम्पिंग शीट रोलर फिरवून घट्ट बसवतो. जुनाच स्पीकर एवढ्यावर अंगात आल्यासारखा वाजायला लागतो. गिऱ्हाईक मात्र स्पीकरला पैसे देतं आणि शीटला कुरकुरतं, कारण शीट दिसत नाही.

शिवाय पाणी. पावसात काचेवरून ओघळलेलं पाणी दाराच्या आतूनच खाली जातं आणि तळाच्या भोकांतून बाहेर पडतं, गाडी बनवणाऱ्यांनी ते गृहीतच धरलेलं असतं. म्हणजे स्पीकरची पाठ चार महिने न्हाणीघरात. कागदी कोन इथे टिकणार किती? उपाय निघाला तो भलत्याच ठिकाणी. १९७० च्या दशकात बीबीसीच्या संशोधन विभागात पॉलिप्रोपिलीनच्या कोनावर काम झालं. तिथल्या हार्वुड यांनी १९७७ मध्ये हार्बेथ ही कंपनी काढून तोच कोन घरगुती स्पीकरमध्ये बाजारात आणला. त्यांना स्वच्छ आवाज हवा होता. गाडीवाल्यांना त्याच प्लॅस्टिकचा पाण्याला दाद न देण्याचा गुण आवडला. आज दारातले कितीतरी स्पीकर पॉलिप्रोपिलीनचे असतात.

दाराचा विचार स्पीकरची पेटी म्हणून करायला कारखान्यांना बराच वेळ लागला. १९८२ मध्ये बोस आणि जनरल मोटर्सच्या डेल्कोने १९८३ च्या कॅडिलॅक सेव्हिलसारख्या गाड्यांसाठी खास त्या-त्या गाडीच्या आतल्या जागेनुसार जुळवलेली यंत्रणा आणली. त्यात प्रत्येक स्पीकरला स्वतःची पेटी आणि स्वतःचा अँप होता.

आपल्याकडे तेव्हा काय होतं? रेडिओ ऐकायला पोस्टातून लायसन काढायचे दिवस नुकते सरत होते. पद्मिनीत किंवा ॲम्बॅसडरमध्ये हौशी माणूस टेप बसवून घ्यायचा आणि स्पीकर जायचे मागच्या काचेखालच्या ट्रेवर, रेक्झिन चढवलेल्या प्लायवर, लंबगोल सहा-नऊचे. मारुती ८०० मध्येही तेच. आवाज पाठीमागून यायचा आणि कुणाला त्याचं काही वाटायचं नाही. त्यामुळे आपल्या कानाला गाडीतलं संगीत म्हणजे मागून येणारा बेस, अशी सवय लागली. पुढच्या दारात चांगला मिड असावा ही मागणी बऱ्याच उशिरा आली.

आली तीही खोक्यावरचे वॉट बघून. '३५० वॉट' वाचून स्पीकर घेणं म्हणजे टाकी मोठी म्हणून गाडी पळेल असं समजणं. या फसगतीलाही इतिहास आहे. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने १९७४ मध्ये अँपचे वॉट कसे मोजायचे याचा नियम केला, पण तो घरगुती अँपपुरता. गाडीचा बाजार मोकाटच राहिला. गाडीच्या अँपसाठी सीईए-२००६ हे मानक २००३ मध्ये आलं. त्यात १४.४ व्होल्ट, ४ ओहम (स्पीकरचा विजेला होणारा अडथळा) आणि आवाजात १ टक्का विकृती अशा अटी आहेत, पण ते ऐच्छिक. डॅशबोर्डातल्या स्टिरिओवर '५० × ४' छापलेलं असलं तरी गाडी चालू असतानाच्या १४.४ व्होल्टवर दर चॅनेलला स्वच्छ निघतात ते वीसेक वॉट.

बघायचा आकडा वेगळा: सेन्सिटिव्हिटी. एक वॉट दिला तर एक मीटरवर किती डेसिबल मिळतात, ते. साध्या दाराच्या स्पीकरची ८८ च्या आसपास असते. समजा दुसऱ्याची ९५ आहे. त्याला २० वॉट दिले तर १०८ डेसिबल. पहिल्याकडून तेवढाच आवाज काढायला १०० वॉट घालावे लागतील, आणि तेवढे सोसताना त्याचं वेटोळं (कॉइल) तापून आवाज दबतो तो वेगळाच. एक चलाखी ध्यानात ठेवा. काही खोक्यांवर हा आकडा '२.८३ व्होल्टला' दिलेला असतो. ४ ओहमच्या स्पीकरला तेवढ्या व्होल्टमध्ये दोन वॉट जातात, म्हणजे ३ डेसिबल फुकटात वाढवून सांगितलेले.

९५ डेसिबलचा स्पीकर म्हणजे पुन्हा तीच जुनी कृती: हलका कागदी कोन, कापडी कडा, मोठा चुंबक. सभा-समारंभांच्या भोंग्यांच्या जगात ती कधी मेलीच नव्हती. तिला गाडीत आणण्यात ब्राझीलचा वाटा मोठा. साल्वादोर शहरात १९५० च्या कार्निव्हलला दोदो आणि ओस्मार या दोघांनी १९२९ च्या फोर्डवर स्पीकर चढवून विजेवरची वाद्यं वाजवत मिरवणूक काढली. त्यातून 'त्रिओ एलेत्रिको' नावाचे अवाढव्य ट्रक निघाले आणि पुढे खासगी गाड्यांच्या डिकीत स्पीकरच्या भिंती उभ्या राहिल्या. आपल्या वरातीतल्या डीजेच्या टेम्पोचा हा लांबचा भाऊच. तिथल्या सेलेनियमसारख्या कंपन्या असे स्पीकर बनवण्यात तरबेज झाल्या आणि २०१० मध्ये हार्मन या अमेरिकी ऑडिओ कंपनीने सेलेनियम विकत घेतली. शेवटी २०१६ मध्ये ब्राझीलने गाडीबाहेर ऐकू जाईल असा आवाज वाजवण्यावर दंड लावला, मग तो कितीही डेसिबलचा असो. आपल्याकडे २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, पण तिच्याबद्दल बोलायला स्वतंत्र लेख लागेल. १०० डेसिबलमध्ये पंधरा मिनिटांपुढे बसलं तर कान धोक्यात येतात, एवढं मात्र आवाज वाढवणाऱ्याला माहीत हवं.

हे मोठ्या आवाजाचे, दुकानाच्या भाषेत 'प्रो', मिड दारात बसवताना जुन्या तडजोडी पुन्हा उभ्या राहतात. बेस त्यांच्याकडे मागायचा नाही. आवाज तेवढाच ठेवून सूर निम्म्यावर आणला तर कोनाला चौपट हलावं लागतं, आणि या कोनाला तेवढी मोकळीक नसते. म्हणून साधारण २०० हर्ट्झच्या खालचं काही त्याच्याकडे जाऊ द्यायचं नाही. अँपवर फिल्टर नसेल तर तारेत कपॅसिटर टाकायचा: ८ ओहमला १०० मायक्रोफॅरड, ४ ओहमला २००. चुंबक जाड असल्याने काच पूर्ण खाली उतरवून अंतर मोजायचं, नाहीतर पहिल्याच टोलनाक्यावर काच चुंबकावर आदळते. स्पीकरखालची रिंग वॉटरप्रूफ प्लायची किंवा प्लॅस्टिकची घ्यायची. एमडीएफ, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुश्याचा बोर्ड, पहिल्या पावसात भाकरीसारखा फुगतो.

आणि तो काळ्या डिंकाचा प्लॅस्टिक कागद. माझ्या गाडीत मिड बसवणाऱ्याने "याचा काही उपयोग नसतो साहेब" म्हणत तो फाडून काढला आणि पॅड दाबून बसवलं. मेमध्ये आवाज झकास होता. जुलैत ताम्हिणी उतरून आलो तर डावीकडे पायाखालचं कार्पेट ओलं होतं आणि डाव्या दारातून खरखर येत होती. पॅड काढलं तेव्हा कोनाचा कागद ओल्या पापडासारखा लोळागोळा झालेला. कोन बदलून आणला, पाठीवर रबराची टोपी चढवली आणि दूधवाल्याच्या जाड पिशव्या कापून, डिंक लावून, दाराला पुन्हा कागद चिकटवला. या पावसाळ्यात तो टिकला.