सकाळी घरघरतो, दुपारी गप्प

कम्प्युटरच्या कॅबिनेटचा फॅन सकाळी दोन-तीन मिनिटं घरघरतो आणि मग आपोआप शांत होतो. ‘धूळ असेल’ म्हणून बहुतेक जण सोडून देतात. धूळ असतेच, पण हे दुखणं बहुधा मागच्या स्टिकरखाली, दांडा ज्या नळीत फिरतो त्या बुशमध्ये असतं. आणि गप्प झालेला फॅन बरा झालेला नसतो.

स्वस्त फॅनमध्ये पोलादी दांडा ब्रॉंझच्या बुशमध्ये फिरतो. हा बुश धातूची पूड दाबून, भट्टीत तापवून बनवतात. त्यात बारीक छिद्रं राहतात, आकारमानाच्या साधारण पाचव्या भागाइतकी, आणि त्यांत तेल मुरवलेलं असतं. दांडा बुशच्या अगदी मध्यावर नसतो, किंचित सरकलेला असतो. त्यामुळे दोघांमधली फट एकीकडे रुंद, दुसरीकडे निमुळती. फिरणारा दांडा चिकट तेलाला रुंद बाजूकडून निमुळत्या बाजूत ओढत नेतो. तिथे तेलाला जागा पुरत नाही, दाब वाढतो आणि तोच दाब दांड्याला उचलून धरतो. भर पावसात वेगातल्या गाडीचं चाक रस्ता सोडून पाण्यावर तरंगतं, तसं. धातूला धातू लागतच नाही.

हा दाब किती जबर असतो ते ब्रिटनमध्ये टॉवर नावाच्या अभियंत्याला अचानक कळलं. रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर, म्हणजे अशाच आधाराच्या बुशवर, प्रयोग करताना त्याने वरून तेल सोडायला भोक पाडलं, तर आतलंच तेल वर येऊ लागलं. लाकडी खुंटी ठोकून भोक बंद केलं, तर तेलाने खुंटीच बाहेर ढकलली. त्याचा अहवाल 1883 चा. 1886 मध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी त्याचं गणित मांडलं आणि आजही बेअरिंगची आखणी त्याच समीकरणावर होते.

आता मेख अशी, की हा दाब वेगातून येतो. थांबलेल्या फॅनमध्ये दांडा बुशवर टेकलेला असतो, म्हणून दर वेळी सुरू होताना तो क्षणभर कोरडा घासतो. रात्रभर गार पडलेलं, धुळीने चिखल झालेलं तेल पटकन पसरत नाही, तोवर घरघर. बुश तापला की छिद्रांतलं उरलंसुरलं तेल बाहेर येतं आणि आवाज थांबतो.

आवाज नको म्हणून बायॉसमध्ये (कम्प्युटर सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) वेग फार खाली आणणंही इथेच नडतं. तीन पिनांच्या फॅनचा वेग व्होल्ट कमी करून उतरवतात. असा 12 व्होल्टचा फॅन एकदा फिरू लागला की 4 व्होल्टवरही रेटतो, पण जागचा हलायला मॉडेलनुसार 5 ते 7 व्होल्ट लागतात. दुपारी चालणारी सेटिंग सकाळी फॅनला उठवत नाही ती यामुळे. चार पिनांच्या फॅनला कायम 12 व्होल्ट मिळतात, वेग 25 किलोहर्ट्झच्या स्पंदांनी ठरतो. दोन्हींत एक तार दर फेरीला दोन स्पंद परत पाठवते. सीपीयूवरच्या फॅनकडून ते मर्यादेपेक्षा कमी आले की ‘सीपीयू फॅन एरर’ येतो. तो बायॉसमध्ये ‘इग्नोर’ करणं म्हणजे धुराचा अलार्म काढून ठेवणं.

तपासायचं तर प्लग काढून पातं टिचकीने फिरवा. चांगला फॅन हळूहळू थांबतो, घासलेला एकदम अडकतो. मधला गोल भाग आडवा हलवल्यावर खडखडला तर बुश गेला. तेल घालूनही उपयोग नाही.

मधला भाग असा खडखडत नसेल तर स्टिकर अर्धा उचला, खाली रबरी बूच असेल तर काढा. जुना चिखल आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या कापसाने पुसा आणि शिलाई मशीनच्या तेलाचे दोनच थेंब घाला. जास्त तेल स्टिकरचा गोंद सोडवतं आणि मग आहे तेही बाहेर येतं. बूच नसेल आणि भोकही नसेल तर फॅन सीलबंद आहे, नवा घ्या. गंज सोडवणारा स्प्रे उरलेलं तेल धुऊन स्वतः उडून जातो. खोबरेल तर 24 अंशांखाली थिजतं, पुण्याच्या डिसेंबरात ते बुशमध्ये मेणासारखं बसेल. आणि खंडेनवमीला कॅबिनेटच्या जाळीवर हळद-कुंकू उधळू नका. फॅन ते आत खेचतो. पूजा हवीच तर मॉनिटरच्या बुडाची करा.

नवा घेताना स्क्रूच्या भोकांतलं अंतर मोजा: 80 मिमीच्या फॅनला 71.5, 92 ला 82.5, 120 ला 105, 140 ला 124.5. कॅबिनेटच्या छताला आडवा बसवायचा असेल तर बॉल बेअरिंगचा किंवा दांड्याभोवती तेल धरून ठेवणाऱ्या फ्लुइड बेअरिंगचा घ्या. साध्या बुशमध्ये तेल एका टोकाला सरकतं आणि सगळं वजन टोकाच्या वॉशरवर येतं. खोक्यावरच्या ‘50,000 तासां’ना भुलू नका. हा आकडा बऱ्याचदा ठरावीक तापमानात शंभरातले दहा फॅन बंद पडेपर्यंतचा असतो, तुमच्या फॅनची हमी नव्हे. हवा स्टिकरच्या बाजूने बाहेर पडते, म्हणून हीटसिंकवर (सीपीयूची उष्णता काढणाऱ्या धातूच्या पत्र्यांच्या ठोकळ्यावर) बसवताना स्टिकर पत्र्यांकडे.

एसएमपीएसमधला, म्हणजे कम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्यातला, फॅन मात्र घरी उघडू नका. त्यातल्या वीज साठवणाऱ्या कपॅसिटरवर 325 ते 400 व्होल्टच्या आसपास विजेचा दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकतो.