बायकोच्या नावावर एफडी केली की कर वाचतो?

एकट्याच्या पगारावर घर चालवणाऱ्याला हा सल्ला हमखास मिळतो: पैसे बायकोच्या नावावर एफडीत टाका, तिला उत्पन्न नाही, म्हणजे कर नाही. तसं नसतं. नवऱ्याने दिलेल्या पैशांवरचं व्याज आयकर कायदा नवऱ्याच्याच उत्पन्नात धरतो. ५ लाखांवर ७ टक्क्यांनी वर्षाचे ३५,००० आले, तर ते त्याच्याच रिटर्नमध्ये दाखवायचे. बँकेत फॉर्म भरून थांबतो तो टीडीएस, म्हणजे बँक व्याजातून आधीच कापून घेते ती रक्कम; देणं असलेला कर नव्हे. काउंटरवर हे कोण सांगतंय! ते व्याज पुन्हा गुंतवलं, तर त्यावरचं उत्पन्न मात्र तिचं. माहेरून मिळालेल्या किंवा तिने शिवणकाम करून कमावलेल्या पैशांना हा नियम लागत नाही. अडीअडचणीला तिच्या हाताशी पैसा हवा म्हणून एफडी जरूर करा.