बसून वाजवणाऱ्याचा धिंगाणा: रॉक ड्रमरची पार्श्वभूमी

कोल्हापूरच्या खासबागेत पैलवान उतरतो तेव्हा हलगीवाला त्याच्यापुढं वाजवत चालतो. वाद्य अंगाशी, पाय मोकळे, त्यामुळं लोकांची नजर आपोआप त्याच्याकडं जाते. ड्रमसेटवाल्याचं उलटं आहे. दोन्ही हात, दोन्ही पाय कामाला जुंपलेले, बूड स्टुलावर आणि जागा मंचाच्या मागच्या अंगाला. रॉक ड्रमरांनी जो धिंगाणा घातला, त्याचं मूळ बरंचसं या बसून राहण्यात आहे.

आधी हे काम दोघांचं असायचं, जसं लग्नाच्या बँडमध्ये मोठा ढोल एकाकडं आणि साइड ड्रम दुसऱ्याकडं असतो. १९०९ मध्ये शिकागोच्या लुडविग बंधूंनी पायानं मारायचं पेडल बाजारात आणलं. नाटकगृहातली अडचणीची जागा वाचली, एका माणसाचा पगारही वाचला. विसाच्या दशकात डाव्या पायाखाली हाय-हॅटच्या दोन झांजा आल्या आणि वादक पुरता अडकला.

मग त्यानं बसल्या जागी लक्ष वेधायला सुरुवात केली. अमेरिकी जॅझ ड्रमर जीन क्रुपा यात पहिला मोठा गडी. १६ जानेवारी १९३८ ला बेनी गुडमनच्या बँडसोबत तो न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये वाजला, तेव्हा ड्रमर हाच मुख्य कलाकार असू शकतो हे लोकांनी पाहिलं. तोंडात च्युइंगगम, कपाळावर केस, हे दिसणारं झालं. खरा फरक टॉममध्ये, म्हणजे सेटमधल्या मधल्या आकाराच्या ड्रममध्ये होता: पूर्वी खालची कातडी खिळ्यांनी ठोकलेली असे. क्रुपाच्या आग्रहावरून स्लिंगरलँड कंपनीनं दोन्ही बाजू स्क्रूनं ताणता येतील असे टॉम बनवले.

दुसरा अडथळा कातडीचाच. आपल्याकडं पावसाळ्यात हलगी शेकल्याशिवाय बोलत नाही. ओल धरली की कातडं सैल पडतं आणि आवाज बसतो. १९५७ च्या सुमारास कातड्याच्या जागी बसवायची प्लास्टिकची पानं बाजारात आली. ती ओल धरत नाहीत आणि जोराचा मार सोसतात. पुढचा सगळा राडा या पानांवर झालेला आहे.

साठच्या दशकात गिटारवाल्यांनी १०० वॉटचे अँप्लिफायर रचले. ड्रमपुढं धड माइक नसायचा, तेव्हा अंगातलं बळ लावण्यावाचून इलाज नव्हता. ‘द हू’ या ब्रिटिश रॉक बँडचा ड्रमर कीथ मून (जन्म १९४६) याच काळातला. १९६६ पासून त्यानं दोन बास ड्रम (पेडलनं वाजवायचे मोठे ढोल) घेतले, हाय-हॅट बहुतेक वेळा वापरलीच नाही आणि टॉमची रांग लावली. ठेका धरून ठेवण्याऐवजी तो गाण्यावरच वाजवायचा. इतक्या मारानं सेट पुढं सरकतो, म्हणून तो दोरीनं बांधून, खिळे ठोकून बसवावा लागे.

सप्टेंबर १९६७ मध्ये अमेरिकी टीव्हीवर त्यानं बास ड्रममध्ये ठरल्यापेक्षा जास्त स्फोटकाची दारू भरवली. स्फोटात झांजेचा तुकडा त्याच्याच हातात घुसला आणि बँडचा गिटारवादक पीट टाउनशेंडचे केस जळाले. हॉटेलातले संडास फटाक्यांनी उडवण्याचे प्रकार खरे आहेत. मोटार पोहण्याच्या तलावात घातल्याची कथा मात्र जपून घ्यावी. हजर असलेल्यांच्याच जबान्या जुळत नाहीत. त्या रात्री मूनचा दात तुटला एवढं नक्की.

या वागण्याची किंमत वाजवण्यात मोजावी लागली. नोव्हेंबर १९७३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या कार्यक्रमात मून सेटवरच कोसळला. उरलेली गाणी प्रेक्षकांतून आलेल्या १९ वर्षांच्या स्कॉट हॅल्पिननं वाजवली. ७ सप्टेंबर १९७८ ला मून गेला, तो दारू सोडवण्यासाठी दिलेल्या गोळ्यांच्या अतिसेवनानं. वय ३२.

‘लेड झेपेलिन’चा जॉन बॉनमही ३२ व्या वर्षीच, २५ सप्टेंबर १९८० ला, दारूनं गेला. वाजवणं मात्र मूनच्या अगदी उलट: ड्रम कमी पण मोठे. बास ड्रम २६ इंचांचा, पानं ताणलेली, आत कापड-उशी जवळजवळ नाहीच. त्यानं आवाज घुमतो आणि लांब जातो. याची चूक हमखास होते: मोठा ड्रम आणून आत गोधडी कोंबली की २२ इंची आणि २६ इंची सारखेच थप्प वाजतात. सोलोत तो काड्या टाकून नुसत्या हातांनीही वाजवी.

शेवटी स्टूलच हलवलं गेलं. ‘मॉट्ली क्रू’च्या टॉमी लीनं १९८७ मध्ये सेटसकट फिरणारा पिंजरा वापरला, पुढं रोलर कोस्टरसारखा रूळ. ३१ डिसेंबर २०१५ ला बँडच्या निरोपाच्या कार्यक्रमात गाडा वरच अडकला आणि त्याला उतरवून घ्यावं लागलं.

आपल्या मिरवणुकीत ट्रॉलीवर ड्रमसेट असतो तेव्हा सेट पुढं सरकण्याची हीच भौतिकी लागू होते, वर ट्रॅक्टरचे धक्के. महाद्वार रोडच्या गर्दीत ब्रेक लागला की बास ड्रम पुढं पळतो आणि पेडल मागं राहतं. सेटखाली जाड सतरंजी हवी, बास ड्रमच्या पायांची टोकं तिच्यात रुतलेली हवीत आणि ड्रमपासून स्टुलाच्या पायापर्यंत एक दोरी हवी. वादकाचंच वजन मग ड्रमला मागं धरून ठेवतं. झांजेच्या स्टँडचे तीन पाय पूर्ण फाकवावेत, त्यातला एक झांज झुकलेल्या बाजूला ठेवावा. फिरवायची काडी सुटणारच, म्हणून फ्लोअर टॉमला (खाली पायांवर उभ्या टॉमला) काड्यांची पिशवी अडकवलेली असावी आणि ती उजव्या हाताला असावी.