पटवून देणारा निबंध: मराठी शाळेत तो कुठून आला आणि कुठे अडकला

दहावीच्या मराठीच्या प्रश्नपत्रिकेत शेवटाकडे निबंधाचे पर्याय येतात: प्रसंगलेखन, आत्मकथन आणि वैचारिक. माझ्या पाहण्यातली बहुतेक मुलं पहिल्या दोहोंपैकी एक उचलतात. फाटक्या पुस्तकाचं मनोगत पाठ करून येता येतं, पावसाळी सहलही पाठ करून येता येते. वैचारिक निबंधात आपलं म्हणणं मांडावं लागतं, त्याला कारणं द्यावी लागतात आणि समोरच्याला ते पटावं लागतं. हे कसं करायचं ते वर्गात सहसा शिकवलेलंच नसतं. मग 'विज्ञान: शाप की वरदान' या विषयावर शंभर मुलं एकच निबंध लिहितात आणि शंभरही जण 'वापरणाऱ्यावर अवलंबून आहे' या वाक्यावर येऊन थांबतात.

याचं वाईट एवढ्यासाठी वाटतं, की मराठी निबंध मुळात वर्णनासाठी जन्मला नव्हता. कुणाचं तरी मन वळवायला, कुणाला तरी जाब विचारायला तो लिहिला गेला, आणि त्याच्या सुरुवातीच्या काळात विद्यार्थीही त्यात होते.

छापखाना येण्याआधीही युक्तिवादाचं शिक्षण आपल्याकडे होतं, आणि ते कच्चं नव्हतं. न्यायशास्त्रात, म्हणजे तर्काच्या जुन्या भारतीय शास्त्रात, पाच अवयवांचं वाक्य शिकवत. डोंगरावर विस्तव आहे, ही प्रतिज्ञा. कारण तिथे धूर आहे, हा हेतू. जिथे धूर तिथे विस्तव, जसा स्वयंपाकघरात, हे उदाहरण. या डोंगरावरही तसाच धूर आहे, हा उपनय. म्हणून इथे विस्तव आहे, हे निगमन. त्याच परंपरेत पूर्वपक्ष आधी मांडायचा, म्हणजे विरुद्ध बाजूचं म्हणणं तिच्या पूर्ण बळानिशी सांगायचं आणि मगच त्याला उत्तर द्यायचं, अशी शिस्त होती. न्यायसूत्रांनी चर्चेच्या तीन जाती वेगळ्या केल्या: सत्य शोधण्यासाठी होतो तो वाद, जिंकण्यासाठी होतो तो जल्प, आणि स्वतःची बाजूच न मांडता दुसऱ्याची फक्त मोडून काढायची ती वितंडा. आजच्या वादविवाद स्पर्धांच्या परीक्षकांना ही विभागणी हातात द्यावी असं मला मनापासून वाटतं.

पण हे शिक्षण संस्कृतात होतं, पाठशाळेत होतं, आणि पाठशाळेची दारं मोजक्या घरांतल्या मुलग्यांनाच उघडी होती. ज्यांच्याविरुद्ध निवाडा होत होता त्यांना युक्तिवाद शिकण्याची सोयच नव्हती.

1832 मध्ये बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' हे मराठीतलं पहिलं वृत्तपत्र सुरू झालं. 1836 मध्ये दादोबा पांडुरंगांचं मराठी व्याकरण आलं. पुढे मेजर कँडी या इंग्रज अधिकाऱ्याने मराठी गद्यात विरामचिन्हं रुजवली, त्यावर 1850 मध्ये स्वतंत्र पुस्तकही काढलं. ही बाब किरकोळ वाटते, पण मोडीतला सलग मजकूर वाचून पाहिला की तिचं मोल कळतं. 'जर' कुठे सुरू होतं, 'तर' कुठे संपतं, प्रश्न कुठला आणि उत्तर कुठलं, हे कागदावर डोळ्यांना दिसू लागलं. लांब युक्तिवाद लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्यालाही त्याचा आधार झाला.

1848 मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या विद्यार्थ्यांनी आणि तरुण शिक्षकांनी एक साहित्य-विज्ञान सभा काढली. दादाभाई नौरोजी तिच्यातले एक प्रमुख. तिची मराठी शाखा म्हणजे ज्ञानप्रसारक सभा, अध्यक्ष दादोबा पांडुरंग. या सभांचं काम सरळ होतं: एकाने निबंध लिहून आणायचा, वाचायचा आणि बाकीच्यांनी त्यावर बोलायचं. बेहरामजी गांधी या तरुणाने तिथे स्त्रीशिक्षणावर निबंध वाचला. त्यावरच्या चर्चेतून ठरलं, की नुसतं बोलून भागणार नाही. 1849 मध्ये सभेच्या सभासदांनी मुंबईत मुलींसाठी मराठी आणि गुजराती शाळा सुरू केल्या आणि सकाळच्या वेळी स्वतःच तिथे विनामोबदला शिकवलं. निबंधाला किती गुण मिळाले याची चर्चा तिथे नव्हती. तो पटला की नाही याचा निकाल शाळा उघडून लागला.

पुण्यातही तेव्हा असंच घडत होतं. गोपाळ हरी देशमुख, म्हणजे लोकहितवादी, 1848 पासून भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर' या साप्ताहिकात पत्रं लिहीत होते, तीच पुढे 'शतपत्रे' म्हणून ओळखली गेली. 1849 मध्ये पुण्याच्या सुधारकांनी सरकारकडे अर्ज केला, की पेशव्यांच्या काळापासून ब्राह्मणांना वाटल्या जाणाऱ्या दक्षिणेच्या पैशांतला काही भाग मराठीत उपयोगी पुस्तकं लिहिणाऱ्यांना द्यावा. शहरात मोठी खळबळ उडाली. 1851 मध्ये दक्षिणा प्राइज कमिटी स्थापन झाली आणि मराठी लेखनाला बक्षिसं मिळू लागली.

तरीही या सगळ्या नामवंत मंडळींपेक्षा, निबंध शिकवणाऱ्याने आधी वाचावं असं लेखन एका शाळकरी मुलीचं आहे. मुक्ता साळवे जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातल्या शाळेत शिकत होती. मांग समाजातली, वय जेमतेम चौदा. 1855 मध्ये 'ज्ञानोदय' या मिशनऱ्यांच्या नियतकालिकाने तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध दोन अंकांत छापला.

त्याची बांधणी नीट पाहण्यासारखी आहे. मुक्ता आपल्या दुःखाच्या वर्णनाने सुरुवात करत नाही. ती आधी विरुद्ध बाजूचं विधान घेते: वेद आमचे आहेत, ते आम्हीच पाहावेत, असं ब्राह्मण म्हणतात. ते ती नाकारत नाही, मान्य करून पुढे जाते. वेद जर त्यांचेच, तर वेदाप्रमाणे वागणं हा धर्मही त्यांचाच. आम्हाला जर धर्माचं पुस्तक पाहण्याची मोकळीक नाही, तर आम्ही 'धर्मरहित' आहोत हे उघड आहे की नाही? समोरच्याच्याच विधानातून त्याला नको असलेला निष्कर्ष काढून दाखवणं ही नैयायिकांची जुनी कसोटी. ज्यांना ते शास्त्र शिकण्याची बंदी होती त्यांच्यातल्या एका मुलीने ती पुण्यात, छापील मराठीत वापरली.

मग पुरावे येतात, आणि ते अगदी ठिकाणासकट येतात. पेशवाईत तालीमखान्यासमोरून मांग किंवा महार गेला तर गुलटेकडीच्या मैदानात तलवारीचा दांडू आणि त्याच्या शिराचा चेंडू करून खेळत, असं ती लिहिते. मांग-महारांपैकी कुणी वाचायला शिकला तर बाजीराव काय म्हणत, ते ती त्यांच्याच तोंडी घालते: यांना दप्तराचं काम द्यायचं, मग ब्राह्मणांनी काय धोकट्या (न्हाव्याच्या पिशव्या) बगलेत मारून हजामती करत फिरायचं? त्यानंतर ती आवाज बदलते. घरावर छप्परसुद्धा नसताना आमच्या बायका बाळंत होतात, तेव्हा थंडी-पावसात त्यांना काय होत असेल, याचा विचार स्वतःच्या अनुभवावरून करा, असं ती वाचकाला सांगते. दया करा असं ती म्हणत नाही, तुमच्या घरातलं बाळंतपण आठवा म्हणते. शेवटी पंडितांकडून वळून ती आपल्याच लोकांशी बोलते आणि त्यांना ज्ञानाचं औषध घ्यायला सांगते.

विधान, त्यातली विसंगती, ठिकाणासह पुरावा, वाचकाच्या अनुभवाला आवाहन, आणि शेवटी कुणी काय करायचं याची मागणी. पटवून देणाऱ्या निबंधाचा आराखडा शिकवायला यापेक्षा चांगला नमुना मला मराठीत सापडलेला नाही. भाषणांत या मुलीचं नाव आता पुष्कळदा येतं. तिचं लेखन वाक्या-वाक्याने उलगडून लेखनाच्या तासाला शिकवलं जाताना मात्र फारसं दिसत नाही.

1882 मध्ये बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिली, तीही याच रीतीने. बायकांवर शास्त्रं-पुराणं जे दोष लादतात ते त्यांनी एकेक करून समोर ठेवले आणि दरवेळी विचारलं, हा दोष पुरुषांत नाही का? त्यांना कुठल्याही शाळेने निबंध शिकवला नव्हता. ते पुस्तक पुढे विस्मरणात गेलं आणि 1975 मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणलं.

शाळांवर ज्याचा ठसा उमटला तो निबंध वेगळाच. जानेवारी 1874 मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाला' सुरू केली. ते सरकारी शाळेत शिक्षक होते. सात वर्षांत 84 अंक निघाले आणि त्यांतलं जवळजवळ सगळं लेखन त्यांचं स्वतःचं होतं. मराठी गद्याला त्यांनी जो डौल दिला तो त्याआधी नव्हता, हे कबूल करायलाच हवं. पण त्यांच्या निबंधाचं एक अंग मला खटकत आलं आहे. विरोधकाची बाजू ते त्याच्या बळानिशी क्वचितच मांडतात. फुल्यांच्या लेखनाचा समाचार घेताना मुद्द्यापेक्षा भाषेतल्या चुकांचीच चेष्टा जास्त होते. लोकहितवादींनाही त्यांनी असंच झोडपलं. वाचणारा आधीच आपल्या बाजूचा असेल तर तो खूश होतो, नसेल तर दुखावतो. दोन्ही वेळा पटवण्याचं काम राहूनच जातं.

गोपाळ गणेश आगरकरांची रीत याच्या उलट होती. 1881 मध्ये सुरू झालेल्या 'केसरी'चे ते पहिले संपादक, 1888 पासून 'सुधारक'चे. त्याच 1888 मध्ये त्यांचं 'वाक्यमीमांसा' हे वाक्याच्या पृथक्करणावरचं पुस्तक आलं. हा योगायोग मला फार बोलका वाटतो, कारण त्यांचे लेख वाचताना त्यांना वाक्य उसवून पाहण्याची सवय होती हे जाणवतं. आक्षेप कोणता, तो कशावर उभा आहे, ते गृहीत खरं आहे का, अशा पायऱ्यांनी ते जातात. 1891 च्या संमतिवयाच्या कायद्यावरून, म्हणजे मुलींच्या शरीरसंबंधाचं किमान वय वाढवणाऱ्या कायद्यावरून, तोवर टिळकांकडे गेलेला 'केसरी' आणि आगरकरांचा 'सुधारक' आमनेसामने उभे होते. दोन्ही बाजूंचे लेखक मुळात शिक्षक, एकाच शाळेतून पुढे आलेले, आणि दोन्ही बाजू छापील. त्या वेळच्या पुण्यातल्या मुलाला युक्तिवाद शिकायला याहून मोठं पाठ्यपुस्तक कोणतं मिळणार?

पण शाळेने हे पाठ्यपुस्तक उचललं नाही, आणि त्याची कारणंही होती. राजद्रोहाचं कलम 1870 पासून कायद्यात होतं. 1908 मध्ये 'केसरी'तल्या लेखांसाठी टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. चिपळूणकरांचा 'आमच्या देशाची स्थिती' हा निबंध सरकारने 1910 मध्ये जप्त केला आणि 1937 पर्यंत त्यावर बंदी होती. ज्या भाषेतला निबंध तुरुंगात नेऊ शकतो, त्या भाषेत सरकारी किंवा अनुदानावरच्या शाळेतला शिक्षक मुलांना 'तुझं मत लिही' असं कशाला सांगेल? पहाट, नदीकाठ, सैनिकाचं मनोगत हे विषय सुरक्षित होते. दुसरं कारण परीक्षेचं. हजारो पेपर एकसारखे तपासायचे तर शुद्धलेखन, सुभाषितं आणि ठरलेले मुद्दे मोजणं सोपं. कारणमीमांसा मोजणं कठीण. त्या सोयीवर पुढे मार्गदर्शक पुस्तकांचा, म्हणजे गाइडांचा, धंदा उभा राहिला. राज्य गेलं, कलमाची भीती वर्गातून गेली, पण सवय तशीच राहिली.

बाहेरच्या जगात लेखनशिक्षण थांबलं नव्हतं. अलेक्झांडर बेन या स्कॉटिश प्राध्यापकाने 1866 मध्ये परिच्छेदाचे नियम घालून दिले, त्यातला 'एका परिच्छेदात एकच विषय' हा आपल्याकडेही पोचला. स्टीफन टूलमिन यांनी 1958 मध्ये युक्तिवादाचे घटक नव्याने मांडले: दावा, आधार, आधार आणि दावा यांना जोडणारं गृहीत, आणि अपवाद. आज जगभरच्या लेखनवर्गांत ही मांडणी शिकवतात. ती पाहिली की हेतू-उदाहरण-उपनय आठवतात. दोन्ही मांडण्या सारख्याच नाहीत. टूलमिन यांच्याकडे 'बहुधा' आणि 'अमुक असेल तर नाही' यांना जागा आहे, आणि शाळेतल्या मुलांना ती जागा दाखवायलाच हवी.

वर्गात हे कसं आणायचं, याचं एक छोटं उदाहरण देतो. नववीतल्या एका मुलीने वाचनालयावरच्या निबंधात लिहिलं होतं, 'वाचनाने ज्ञान वाढते, म्हणून शाळेत वाचनालय हवे.' तिला विचारलं, हे कुणाला पटवायचं आहे? मुख्याध्यापकांना, ती म्हणाली. मग ते 'नाही' का म्हणतील? थोडा विचार करून तिने सांगितलं, की वाचनालय आहेच असं ते म्हणतील, कपाट आहे ना. तेच तिने पहिल्या परिच्छेदात घेतलं: शाळेत पुस्तकांचं कपाट आहे हे खरं. त्याची किल्ली ऑफिसात असते, ऑफिस मधल्या सुट्टीत बंद असतं आणि आम्हाला मोकळा वेळ फक्त तेव्हाच असतो. शेवटी मागणी आली: किल्ली मधल्या सुट्टीत दहावीच्या दोन मुलांकडे द्यावी, नोंदवही आम्ही ठेवू. ज्ञान वाढण्याचं वाक्य तिने स्वतःच खोडलं.

पहिल्या खर्ड्यात मागणी कुणाकडे आहे तेच ठरलेलं नव्हतं. ते ठरल्यावर पूर्वपक्ष मिळाला, आणि पूर्वपक्ष मिळाल्यावर पुरावा कुठे शोधायचा ते तिला आपोआप कळलं. वैचारिक निबंधाचा विषय देताना 'विरुद्ध बाजूचं सर्वांत बळकट म्हणणं आधी लिहा' एवढी एक ओळ फळ्यावर लिहिली आणि तपासताना त्यासाठी वेगळे गुण ठेवले, तर त्याला अभ्यासक्रम बदलण्याची गरज लागत नाही. वर्गचाचणीत हे शिक्षकाच्या हातात आहे. बोर्डाच्या परीक्षेत त्यासाठी नमुना उत्तरं आणि नियामकांच्या, म्हणजे पेपर तपासणीवर देखरेख करणाऱ्यांच्या, सूचना बदलाव्या लागतील, आणि ती मागणी मराठीच्या शिक्षकांनीच लेखी करायला हवी.