इंग्रजीतील वर्णनपर पदबंध आणि 'जवळच्या नामा'चा गैरसमज

वर्णनपर पदबंध सर्वांत जवळच्या नामाला लागू होतो, हा इंग्रजी व्याकरणाचा नियम म्हणून वर्षानुवर्षे सांगितला जातो. वाक्यारंभीच्या 'इंग'युक्त पदबंधाबाबत तो खरा नाही. 'वॉकिंग टू द स्टेशन आफ्टर द मीटिंग, शी कॉल्ड हर ब्रदर' या वाक्यात जवळचे नाम 'मीटिंग' असले, तरी चालणारी 'शी'च ठरते, कारण असा पदबंध साधारणपणे मुख्य वाक्याच्या कर्त्याशी जोडून वाचला जातो. म्हणूनच 'वॉकिंग टू द स्टेशन, माय अम्ब्रेला ब्रोक' असे लिहिल्यास छत्रीच चालत निघते. 'माय' अगदी शेजारी असूनही उपयोग होत नाही.

मराठी लेखकाकडून ही चूक सहज होते, कारण 'स्टेशनकडे चालत जाताना माझी छत्री मोडली' हे मराठी वाक्य पूर्णपणे निर्दोष आहे. आपले '-ताना' रूप वेगळा कर्ता खपवून घेते. इंग्रजीत 'ॲज आय वॉज वॉकिंग टू द स्टेशन' असा कर्ता उघड करावा. मात्र 'कन्सिडरिंग', 'जजिंग बाय', 'जनरली स्पीकिंग' यांसारखे रूढ प्रयोग कर्त्याशी जुळत नसले तरी शुद्धच मानले जातात, त्यामुळे तेथे लाल शाई वापरणे व्यर्थ होय.