गुडघा सैन्यातला, मग कंबर कुणाची?

अमेरिकी सैन्यातून निवृत्त झालेल्यांमध्ये एक समज घट्ट बसलाय, की नोकरी सोडल्यावर सुरू झालेल्या आजाराची भरपाई मिळतच नाही. हे साफ चुकीचं आहे. सेवेत दुखावलेला गुडघा 'व्हीए'ने, म्हणजे माजी सैनिकांचं काम पाहणाऱ्या अमेरिकी सरकारी खात्याने, मान्य केला असेल आणि २० वर्षं लंगडत, एकाच पायावर भार टाकत त्यापायीच कंबर गेली असेल, तर त्या खात्याच्या नियम ३.३१० प्रमाणे ती कंबरही सेवेशी जोडलेली धरतात. दावा फेटाळला तरी खचू नका, दाद मागायला निर्णयपत्राच्या तारखेपासून १ वर्ष हातात असतं. अडतं ते बहुधा डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. 'संबंध असू शकेल' एवढं पुरत नाही. कंबर गुडघ्यापायीच गेल्याची शक्यता किमान निम्मी आहे आणि ती का, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. ती नवी चिठ्ठी पूरक दाव्यासोबत, म्हणजे नव्या पुराव्यासह पुन्हा केलेल्या दाव्यासोबत, जोडा. दाद मागायचा दुसरा मार्ग, म्हणजे खात्यातल्या वरिष्ठांकडची फेरतपासणी, इथे उपयोगाचा नाही; तिच्यात नवा पुरावा घेत नाहीत.