रस्त्यावरचा मनोरुग्ण कोणत्या खात्याचा?

मुंबईच्या फुटपाथवर पायाच्या जखमेत अळ्या पडलेला, स्वतःशीच बोलत बसलेला माणूस आज एकाच वेळी चार खात्यांचा आहे. पोलीस गृह खात्याचे, मनोरुग्णालये आरोग्य खात्याची, भिक्षेकरी गृहे महिला व बालविकास खात्याची आणि रात्रनिवारे महापालिकेचे, तेही नगरविकासाच्या योजनेतल्या पैशावर उभे राहिलेले. ही वाटणी कुणी ठरवून केलेली नाही. एकेक कायदा येत गेला आणि खाती वाढत गेली.

सुरुवात पोलिसांपासून झाली. 1912 च्या कायद्याने भटकणाऱ्या मनोरुग्णाला पकडून दंडाधिकाऱ्यापुढे उभे करण्याचा अधिकार पोलिसांना दिला आणि तिथून त्याची रवानगी भिंतीआड होई. ठाण्याचे मनोरुग्णालय 1901 चे. येरवड्याच्या मंजूर खाटा 2,540, ठाण्याच्या 1,850. नागपूर आणि रत्नागिरी धरून सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालये चार. पैसा खाटांवर आणि कर्मचाऱ्यांच्या पगारावर खर्च होत राहिला. रुग्ण दाराबाहेर पडला की त्याच्यासाठी तरतूद नसे.

1959 च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्याने दुसरी वाट उघडली. भूक लागली म्हणून हात पसरणारा मनोरुग्ण कायद्याच्या नजरेत भिकारी ठरला आणि पहिल्याच वेळी 1 ते 3 वर्षे भिक्षेकरी गृहात जाऊ शकत होता. तिथे त्याचा आजार लक्षात आला तर मनोरुग्णालयात हलवण्याची सोय त्याच कायद्यात होती. पुढे ही वाहतूक उलट्या दिशेने सुरू झाली. बरे झालेले पण घर नसलेले रुग्ण मनोरुग्णालयातून भिक्षेकरी गृहात आणि वृद्धाश्रमात पाठवले जाऊ लागले. हे ताबडतोब थांबवा, असे सर्वोच्च न्यायालयाला महाराष्ट्राला 2021 मध्ये बजावावे लागले.

6 ऑगस्ट 2001 रोजी तमिळनाडूतल्या एरवाडीत एका खासगी आश्रयगृहात साखळीने बांधलेले 28 मनोरुग्ण आगीत गेले. देशाचे लक्ष तेव्हा वळले, पण चर्चा मुख्यतः रुग्णालये आणि परवान्यांचीच झाली.

निवाऱ्याचा प्रश्न वेगळ्याच दाराने आला. अन्नाच्या हक्कासाठी 2001 मध्ये दाखल झालेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये मोठ्या शहरांत दर 1 लाख लोकसंख्येमागे एक निवारा उभारायला सांगितले. 2011 च्या जनगणनेनुसार मुंबईची लोकसंख्या सुमारे 1 कोटी 24 लाख, म्हणजे 120 हून अधिक निवारे हवेत. 2013 च्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात त्यासाठी निधी आला. 50 जणांच्या निवाऱ्यात माणशी 50 चौरस फूट जागा, एक व्यवस्थापक, पाळीने तीन काळजीवाहक आणि चालवायला वर्षाला 6 लाख रुपये, तेही पाच वर्षे. हिशेब केला तर माणशी दिवसाला 33 रुपये पडत. त्यात डॉक्टर नव्हता, नर्स नव्हती, औषधे नव्हती. रात्री ओरडणाऱ्या माणसाला एकटा काळजीवाहक सांभाळू शकत नाही, म्हणून त्याला दारातूनच परत पाठवले जाते.

2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा माणुसकीचा आहे. कलम 100 प्रमाणे अशा माणसाला संरक्षणात घेणे हे पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याचे कर्तव्य ठरते. कोठडीत ठेवायचे नाही, 24 तासांत जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात न्यायचे, बेपत्ता व्यक्तीची नोंद करून घरच्यांचा शोध घ्यायचा. दाखल करण्याची गरज नसेल आणि घरही नसेल, तर सरकारी निवाऱ्यात पोहोचवायचे. म्हणजे या कायद्याची शेवटची पायरी त्याच 33 रुपयांच्या निवाऱ्यावर टेकलेली आहे.

त्याआधीच्या पायऱ्याही निसरड्या आहेत. सर्वसाधारण रुग्णालय म्हणते, हा मानसिक रुग्ण; मनोरुग्णालय म्हणते, आधी जखम, क्षयरोग, रक्तक्षय यांवर उपचार करून आणा. नातेवाइकाची सही मागितली जाते. तोवर सोबत आलेल्या शिपायाची पाळी संपलेली असते. सायकोसिसवरची (भास-भ्रम होणाऱ्या आजारावरची) औषधे नीट लागू पडायला काही आठवडे जातात. माणूस गावाचे नाव सांगू लागतो तो त्यानंतरच, अनेकदा तेलुगू किंवा बंगालीत. घरी पोहोचवल्यावर महिन्याच्या गोळ्या संपतात आणि जवळ मानसोपचार नसला की तो पुन्हा रेल्वेत बसतो. अनेकांना दोन ते चार आठवड्यांनी घ्यायचे इंजेक्शन सोयीचे पडते, पण ते देणारे केंद्र गावाजवळ असावे लागते.

महाराष्ट्रात ही साखळी पूर्ण करण्याचे काम बरेचसे देणग्यांवर झाले. मानसोपचारतज्ज्ञ भरत वाटवानी यांच्या श्रद्धा पुनर्वसन संस्थेचे कर्जतचे केंद्र 2006 पासून उपचार करून माणसांना घरी पोहोचवते; त्यांना 2018 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तमिळनाडूने त्याच वर्षापासून स्वयंसेवी संस्थांना सोबत घेऊन सरकारी रुग्णालयांच्या आवारातच बेघर मनोरुग्णांसाठी तातडीची काळजी केंद्रे उघडली. तिथे जखम, मानसोपचार आणि घरच्यांचा शोध हे सगळे एकाच छताखाली, आरोग्य खात्याच्या पैशातून होते.